डोंगर मस्त, पण आकाशाला लाटा? लँडस्केप क्विल्ट सपाट का लटकत नाही

लँडस्केप क्विल्ट, म्हणजे कापडाच्या तुकड्यांतून शिवलेलं भिंतीवर लावायचं निसर्गचित्र, करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा त्रास होतोच. डोंगर जमलेले असतात, पाणी जमलेलं असतं, झाडांच्या फांद्यांवर दोऱ्याचं काम तर इतकं सुंदर की हात फिरवून बघावंसं वाटतं, आणि मग क्विल्ट भिंतीवर लावला की वरच्या कडेला लाटा, नाहीतर आकाशाच्या मधोमध फुगा, नाहीतर खालचे कोपरे पुढे वळलेले. इस्त्री केली की तेवढ्यापुरतं बरं दिसतं, दोन दिवसांनी परत तेच. पुढचा क्विल्ट दुप्पट काळजीने शिवला तरी परत तेच. मग वाटायला लागतं की आपला हातच बसलेला नाही, आणि बरेच जण इथेच सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा शिलाई चांगलीच असते, निसर्गचित्राची रचनाच अशी असते की कापड एका बाजूने ओढलं जातं. ते आधी ओळखलं तर आधीच सोय करता येते.

आधी नेमकं काय झालंय ते बघू, लगेच उसवायला घेऊ नका. क्विल्ट जमिनीवर नुसता पसरा, हाताने ओढून सपाट करायचा नाही, आहे तसा पडू द्या. मग टेप घ्या आणि रुंदी तीन ठिकाणी मोजा, वरच्या कडेला, मध्यावर, खालच्या कडेला. उंचीही तशीच तीन ठिकाणी. आणि दोन्ही कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. हे आठ आकडे कागदावर लिहा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. कड मध्यापेक्षा लांब भरली तर कडेला फ्रॉकच्या झालरीसारखं होणार, कारण जास्तीच्या कापडाला जायला दुसरी जागाच नाही. कड मध्यापेक्षा आखूड भरली तर मधला भाग फुगून पुढे येणार. कर्ण कमीजास्त भरले तर क्विल्ट तिरका खेचला गेलाय, बहुतेक उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेल्या, कापडामुळे. आणि वरची रुंदी खालच्यापेक्षा जास्त असेल (सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं) तर कारण क्विल्टिंगच्या, म्हणजे थर एकत्र धरणाऱ्या टाक्यांच्या, दाटपणात आहे.

आता क्विल्ट उलटा करा. ही गोष्ट फार कमी जण करतात पण मला सगळ्यात उपयोगी वाटते. समोरून बघताना आपण चित्र बघतो, रंग बघतो, टाके दिसतच नाहीत. मागून मात्र नुसते टाके दिसतात, कुठे किती दाट आहेत त्याचा नकाशाच. तळहात खालून वर फिरवा. खाली जिथे गवत आणि झुडपं आहेत तिथे कापड कडक, पातळ, दाबलेलं लागेल, डोंगरांवर मध्यम, आणि आकाशात हात पोचला की एकदम मऊ आणि फुगीर. हाताला जिथे हा फरक लागतो, तिथेच समोरून लाट सुरू झालेली दिसेल.

असं का होतं बघा. क्विल्टिंगचा प्रत्येक टाका वरचं कापड, बॅटिंग (मधला मऊ, फुगीर थर) आणि अस्तर यांना एकत्र दाबतो, आणि तो थर खाली दाबला जाताना कापड थोडंसं आत खेचलं जातं. एका टाक्याने काही कळत नाही पण दाट काम केलं की ते साठत जातं. समजा ३६ इंच रुंद आणि २४ इंच उंच क्विल्ट आहे. खाली गवताचं दाट काम, ओळीत पाव इंचाचंही अंतर नाही, आणि तो भाग फक्त २ टक्के आटला असं धरू. म्हणजे ३६ इंचातले साधारण पाऊण इंच गेले, खालची कड सव्वापस्तीस इंच. वरती आकाशात ढगांच्या दोन-तीन रेघा मारून सोडून दिलंय, तिथे ३६ चे ३६. एकाच आयताची वरची बाजू खालच्यापेक्षा पाऊण इंचाने लांब, ते कापड सपाट राहणार कसं? कितीही इस्त्री करा, तो पाऊण इंच कुठेतरी दिसणारच.

आणि गंमत म्हणजे साध्या ब्लॉकच्या, म्हणजे सारखे चौकोन जोडून केलेल्या, क्विल्टला हा त्रास फारसा होत नाही, कारण तिथे सगळीकडे साधारण सारखंच काम असतं. निसर्गचित्रात मात्र आपल्याला मुद्दाम फरक हवा असतो, आकाश शांत, पाणी शांत, जवळचं गवत भरगच्च. डोळ्याला ते बरोबरच वाटतं. म्हणून माझं ठाम मत आहे की आकाश शांत दिसायला हवं असेल तर त्यात टाके कमी नको, टाके न दिसणारे हवेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न दिसणारे टाके म्हणजे काय, तर दोरा बारीक आणि कापडाच्याच रंगाचा. दोऱ्यावरचा वेट नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे ६० चा दोरा ४० पेक्षा बारीक, हे उलटं वाटतं म्हणून गल्लत होते. आकाशाला ६० किंवा त्याहून बारीक घ्या, सुईही बारीक, ७० नंबरची चालते. आकाश वरून खाली फिकं होत जात असेल तर दोराही दोन-तीन छटांमध्ये बदला, नाहीतर फिक्या क्षितिजावर गडद निळी रेघ उठून दिसते. ओळी आडव्या, जरा हलत्या, वाऱ्याच्या दिशेने, अर्ध्या ते पाऊण इंचावर. गोल गोल स्टिपलिंग (वळणं घेत सगळीकडे फिरणारी ओळ) आकाशात करू नका असं मी म्हणेन, एकतर ते आकाशासारखं दिसत नाही आणि दुसरं म्हणजे ते सगळ्या बाजूंनी आत खेचतं. आडव्या ओळी एक डावीकडून तर पुढची उजवीकडून मारा, सगळ्या एकाच दिशेने मारल्या तर वरचं कापड दर ओळीला थोडं पुढे ढकललं जातं आणि शेवटी आकाश तिरकं होतं.

बॅटिंगच्या पाकिटावर "८ इंचांपर्यंत अंतर चालेल" किंवा "१० इंच" असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यावर विसंबून बरेच जण आकाश मोकळं सोडतात. तो आकडा बॅटिंग आतल्या आत सरकू नये, त्याचे गोळे होऊ नयेत यासाठी असतो. भिंतीवर सपाट लटकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या बाजूने गवताचंही बघायला हवं. आकाश दाट करता करता गवत तसंच अतिदाट ठेवलं तर फरक राहतोच. इथे सगळ्यात मोठी सुटका म्हणजे कामाचा क्रम बदलणे. पानं, साल, गवताची पाती, फुलं, हे जे दोऱ्याने रंगवल्यासारखं काम असतं ते तिन्ही थर लावायच्या आधीच उरकून घ्या, फक्त वरच्या कापडावर, खाली फाडून काढता येणारा स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा कागदासारखा थर) लावून. शक्य असेल तर भरतकामाच्या रिंगेत ताणून. यात कापड आटतंच, पण आटून झाल्यावर ते इस्त्री करून, कडा परत सरळ कापून घेता येतात, आणि मग बॅटिंग-अस्तर लावून त्या भागावर फक्त थोड्या ओळी मारायच्या, आकाशाइतक्याच अंतराने. दाटपणा डोळ्याला दिसतो पण तीन थरांवर त्याचा भार येत नाही. ज्यांना वर्षानुवर्षं लाटांचा त्रास आहे त्यांनी बाकी काही नाही तर एवढा एक बदल करून बघावा, कळकळीने सांगतेय. फक्त अशा वेळी वरचं कापड सुरुवातीलाच चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठं घ्या, नाहीतर आटल्यावर चौकोन सरळ करायला कापडच उरत नाही.

किती आटणार हे आधी कळायला हवं असेल तर नमुना करा. १२ इंचाचा चौकोन, तेच कापड, तीच बॅटिंग, तोच दोरा, आणि गवताला जेवढं दाट करणार तेवढंच दाट. करून झाल्यावर मोजा. पावणेबारा भरला तर साधारण २ टक्के, साडेअकरा भरला तर ४ टक्क्यांच्या आसपास. तसाच एक नमुना आकाशाचा. दोघांत फार फरक आला तर खऱ्या क्विल्टला हात लावायच्या आधीच दाटपणा जुळवता येतो. नमुन्याचा कंटाळा येतो हे मान्य, पण महिन्याभराचं काम उसवण्यापेक्षा एक संध्याकाळ परवडते.

आता मोजमापात वरची-खालची रुंदी सारखी आली पण कर्ण वेगळे आले, किंवा लाट कडेला नसून डोंगराच्या रेषेवर आहे, तर उरेब तपासा. कापड उभ्या धाग्यावर जवळजवळ ताणलं जात नाही, आडव्यावर थोडं, आणि ४५ अंशात तिरकं ओढलं की सगळ्यात जास्त. डोंगराचा उतार कापला की ती कड उरेबच होते, इलाज नाही. पण त्याहून मोठा घोळ कुठे होतो सांगते. दगडाच्या कड्यासाठी आपण एखादं सुंदर बाटिक निवडतो, त्यातल्या रेघा खडकाच्या थरांसारख्या दिसतात, आणि त्या रेघा उताराच्या दिशेने याव्यात म्हणून कापड फिरवून कापतो. दिसायला अप्रतिम, पण आता तो अख्खा तुकडाच उरेब झाला, नुसती कड नाही. भिंतीवर लटकला की स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली लांबतो, म्हणून काही क्विल्ट सुरुवातीला सपाट असतात आणि काही महिन्यांनी ओघळतात. रेघांचा मोह सोडा असं मी म्हणणार नाही, तो कडाच तर चित्राचा जीव असतो. फक्त कापायच्या आधी त्या कापडामागे हलकं विणलेलं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) चिकटवा, फ्युजिंगचा उभा धागा क्विल्टमध्ये उभा येईल असा. बाकीच्या तुकड्यांना, खासकरून आकाशाला, उभा धागा उभाच ठेवा. आणि डोंगराची कड कापल्या कापल्या कडेपासून पाव इंचाच्या आत एक साधी टीप मारून ठेवा म्हणजे हाताळताना ती लांबणार नाही. शिवताना ती कड सरळ करायला ओढू नका आणि इस्त्री घासू नका, उचला आणि ठेवा, उचला आणि ठेवा.

फ्यूजिबल वेब (इस्त्रीच्या उष्णतेने दोन कापडं चिकटवणारा पातळ थर) लावून डोंगर एकावर एक चिकटवणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. मागचा डोंगर पूर्ण खालपर्यंत, त्यावर दुसरा पूर्ण, त्यावर तिसरा, असं केलं की खालच्या कडेला चार कापडं आणि तीन वेबचे थर होतात, वर आकाश मात्र एकटं. खालचा भाग पुठ्ठा होतो, सुई अडखळते, दोरा तुटतो, आणि वरचं मऊ कापड त्याच्या जोडीने लटकू शकत नाही. प्रत्येक डोंगराखाली मागच्या डोंगराचं कापड फक्त अर्धा इंच शिरेल एवढंच ठेवा, बाकीचं मागून कापून टाका. वेबसुद्धा अख्ख्या आकाराला नको, कडेने अर्धा इंचाची पट्टी पुरते, मधला भाग कागदासकट आधीच कापून काढा.

चिकटवलेल्या कापडात नंतर बुडबुडे येत असतील तर बहुतेक इस्त्री घाईत झालीये किंवा कापड न धुता वापरलं आणि वाफेने वेबवरच आटलं. वेबच्या पाकिटावर वाफ वापरा की नको ते लिहिलेलं असतं, ते पाळा आणि तुकडा पूर्ण गार झाल्याशिवाय हलवू नका. एवढं पुरे.

दोऱ्याचा ताण हेही एक लपलेलं कारण आहे. ओळीच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या, ओळ जणू दोरीने ओढल्यासारखी, असं दिसलं तर ताण जास्त आहे. पारदर्शक दोरा वापरणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. तो ताणला जातो, मशीनवर बॉबिन वेगाने भरली की ताणलेल्या अवस्थेतच गुंडाळला जातो, टाक्यात आला की परत आखडतो आणि आख्खी ओळ चुणते. बॉबिन सावकाश भरा, अर्धीच भरा, वरचा ताण कमी करा, किंवा बॉबिनमध्ये साधा बारीक दोरा घाला. नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्यापेक्षा पॉलिस्टरचा बरा, इस्त्रीची उष्णता जरा जास्त सोसतो.

बॉर्डरबद्दल थोडक्यात. लांब पट्टी घेऊन एका टोकापासून शिवत जायचं आणि उरलेली कापायची, ही सवय मोडाच. तसं केलं की लांबलेली कड जशीच्या तशी बॉर्डरमध्ये जाते. मध्यावरून मोजा, पट्टी तेवढीच कापा, दोघांचे मध्य आणि चतुर्थांश जुळवून टाचण्या लावा, मग शिवा. खरं सांगायचं तर निसर्गचित्राला बॉर्डर लागतेच असं नाही, मला तर बरेचदा ती चित्राला डब्यात घातल्यासारखी वाटते.

आधीच तयार झालेल्या क्विल्टचं काय?

फरक अर्ध्या इंचाच्या आत असेल तर बऱ्याच वेळा वाचतो. सगळ्यात आधी जिथे मोकळं आहे तिथे टाके वाढवा, बायंडिंग (कड झाकणारी पट्टी) लागलेलं असेल तरी चालतं. आकाशाच्या मध्यापासून कडेकडे जा, एकदम दाट नको, आधी दोन-दोन इंचावर ओळी, मग परत मोजा, मग त्यांच्या मधे. थांबायचं कधी ते टेप सांगेल.

मग ब्लॉकिंग, म्हणजे ओला किंवा दमट करून, ताणून, टाचून वाळवणे. पण आधी रंग जातो का ते बघाच, पांढरा सुती रुमाल ओला करून प्रत्येक गडद कापडावर दाबून धरा, लाल आणि गडद निळ्यावर जास्त वेळ. रंग लागला किंवा कापडावर पेंट, शाईचं काम असेल तर पूर्ण ओला करू नका, फक्त वाफ द्या, इस्त्री वर अधांतरी धरून. आणि चित्र आखायला पाण्याने जाणारं मार्कर वापरलं असेल तर त्यावर गरम इस्त्री लावू नका, आधी गार पाण्याने काढा, उष्णतेने ती खूण पक्की बसू शकते. क्विल्टपेक्षा मोठा फोमचा बोर्ड किंवा जाड गालिच्यावर चादर, त्यावर क्विल्ट, आधी चारही बाजूंचे मध्य टाचा, मग कोपरे, मग मधल्या जागा इंच-दोन इंचावर. टाचण्या न गंजणाऱ्या. कर्ण मोजत राहा, सारखे आले की फुगीर जागा तळहाताने थोपटून बसवा, ढकलू नका. पंखा लावून पूर्ण वाळू द्या, हाताला कोरडा लागला तरी आतली बॅटिंग दमट असते म्हणून अजून एक दिवस तसाच ठेवा. सुती आणि लोकरीची बॅटिंग याला छान दाद देते, पॉलिस्टर फारशी देत नाही, आणि त्यावर जास्त गरम इस्त्री तर नकोच, ती दबून बसते ती बसतेच.

ब्लॉकिंगने पाऊण-एक इंचाचा फरक मात्र जाणार नाही. दबलेला दिसेल, हवा दमट झाली की परत येईल. तिथे बायंडिंग उसवा, कडेपासून पाव इंचाच्या आत लांब टाक्यांची ओळ घाला आणि दोरा हळूच ओढून कड मध्याच्या मापाला आणा, चुण्या दिसणार नाहीत इतपतच, जास्तीची लांबी सगळीकडे वाटून. मग नवीन पट्टी मापाने कापून लावा. लँडस्केपला मी तर बायंडिंगऐवजी फेसिंगच सुचवेन, पट्टी पूर्ण मागे दुमडली जाते, चित्र कडेपर्यंत मोकळं दिसतं आणि मापात कापलेली पट्टी ती कड धरून ठेवते. आणि कधी कधी नुसतं कापणंच शहाणपणाचं असतं. लाट फक्त वरच्या दीड इंचात असेल तर तेवढं आकाश गेल्याने चित्राचं काही बिघडत नाही, उलट कधीकधी डोंगर जास्त जवळ येतात.

लाटा वरच्या कडेलाच आणि मोजमाप मात्र सगळं बरोबर, असं असेल तर क्विल्टला दोष देऊ नका, मागची दांडी घालायची नळी बघा. नळी पाठीला घट्ट चिकटून शिवली असेल तर दांडीची जाडी समोर ढकलली जाते आणि वर आडवा फुगवटा दिसतो. ४ इंच रुंदीची नळी करा आणि शिवताना तिचा मागचा थर अर्धा इंच सैल ठेवा, म्हणजे दांडी भिंतीच्या बाजूला बसेल. गोल दांडीऐवजी चपटी लाकडी पट्टी आणखी बरी. नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवी, दोन्हीकडे इंचभर सोडून, मधेच दोन लूप लावून लटकवला तर लूपच्या मधला भाग झोळ घेणारच. खालचे कोपरे पुढे वळत असतील तर खालीही तशीच एक अरुंद नळी शिवून त्यात पातळ पट्टी घाला. आणि भिंतीवरून काढला की घडी करून ठेवू नका, रुंद नळकांड्यावर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, चित्र आत ठेवून गुंडाळलं की चुण्या समोरच्या बाजूला पडतात आणि दाट कामावरच्या चुण्या निघता निघत नाहीत.